आम्ही एक जूनवाले

३१ मेच्या दुपारी आमच्या ऑफिसात मोठाच पेच पडला. सत्कारमूर्ती भरपूर, पण सत्कार करायला माणूस नाही. खुर्च्या मांडायच्या तर दोन्ही शिपाई सत्कारमूर्ती. प्रास्ताविक करायचं तर हेडक्लार्क सत्कारमूर्ती. शालींची वर्गणी गोळा करणारे कॅशियर, तेही सत्कारमूर्ती. त्यांनी स्वतःच्या शालीची वर्गणी स्वतःकडून घेतली आणि पावतीही स्वतःच्याच नावानं फाडली. अध्यक्षस्थानी साहेब. ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आज आपल्यातून जे जात आहेत..." मग समोर नजर टाकली, हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे आपण सगळेच."

उरला होता फक्त एक नवीन लागलेला लिपिक. पोरगा दवाखान्यात जन्मलेला, त्यामुळे त्याची जन्मतारीख काहीतरी सतरा नोव्हेंबर वगैरे वेडीवाकडी होती. त्या बिचाऱ्यानं दुपारभर शाली घातल्या, नारळ वाटले आणि फोटोही त्यानंच काढला. शाली घाऊक घेतल्यामुळे सगळ्यांच्या एकाच रंगाच्या, त्यामुळे त्या फोटोत आम्ही आळंदीला निघालेल्या भजनी मंडळासारखे दिसतो.

निघताना मी पेन्शनच्या टेबलाशी गेलो. माझी फाईल तिथं होती. म्हटलं, "साहेब, माझ्या केसचं कुठवर आलंय?"

ते शालीची घडी घालत होते. म्हणाले, "माझ्या केसचं कुठवर आलंय, हे विचारायला मी माणूस शोधतोय. सापडला तर तुमचंही विचारतो."

नियमच असा आहे की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे १ जूनला जन्मलेला माणूस ३१ मेला घरी. आणि महाराष्ट्रात आमच्या वयाचा जो म्हणून माणूस भेटेल, तो १ जूनलाच जन्मलेला असतो. तलाठी १ जून, मास्तर १ जून, पोलीसपाटील १ जून. दुधाला फॅट लावणारा एक जून आणि ते फॅट तपासणाराही एक जून. उद्या एखाद्या परदेशी शास्त्रज्ञानं आमच्या पिढीचे शाळा सोडल्याचे दाखले अभ्यासाला घेतले, तर तो ठाम निष्कर्ष काढील की मराठी माणसं वर्षातून एकदाच जन्मतात, आणि तीही पेरणीच्या आधी, हात मोकळे असताना.

माझा जन्म झाला, अशी माझी समजूत होती, श्रावणात. प्रत्यक्षात तो झाला जून १९७२ मध्ये, शाळेच्या ओसरीवर. वडील मला नाव घालायला घेऊन गेले होते. पाऊस नव्हता, त्या वर्षी तो पुढंही आला नाही. गुरुजींच्या पुढ्यात जनरल रजिस्टर, दौत, टाक आणि तपकिरीची डबी.

"हात डोक्यावरून घे. कान धर."

वयाचा हाच पुरावा होता. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की सहा वर्षं पूर्ण. मी हात नेला. बोटं कानाच्या अलीकडंच थांबली. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू घराण्याचाच हात आखूड पडला. गुरुजी दयाळू होते. म्हणाले, "मान वाकडी कर." मी मान वाकडी केली. कानच हाताला येऊन भेटला.

"सहा पूर्ण," गुरुजी म्हणाले. "जन्म कधीचा?"

"श्रावणातला," वडील म्हणाले. "मरणाचा पाऊस होता गुरुजी. सुईण ओढ्यापलीकडं अडकलेली. हिच्या माहेरहून गडी आला, त्यानं तिला पाठीवर..."

गुरुजींनी सुईण अलीकडच्या काठाला येईपर्यंत सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टाक दौतीत बुडवला, निब काठाला टेकवून जास्तीची शाई निथळू दिली आणि वळणदार अक्षरात लिहिलं : १ जून १९६६.

"श्रावण टाकला तर सहा भरत नाहीत. पोरगं आणखी एक वर्ष गुरं राखील. बघा बुवा."

वडिलांनी बघितलं. गुरं एकच होतं.

त्या सकाळी रांगेत होते नव्हते तेवढे सगळे एका तारखेला जन्मले. माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा काही महिन्यांनी लहान, पण तोही त्याच ओसरीवर, त्याच शाईत जन्मला. त्यामुळं कागदोपत्री आम्ही जुळे, फक्त आया वेगळ्या. पुढं गावात कुणी वडीलकी दाखवायला लागला की आम्ही विचारायचो, "रजिस्टरात तुझा नंबर कितवा?"

गुरुजींच्या टाकाची किंमत मला कळली ती साठीच्या उंबऱ्यावर. श्रावणात जन्मलेला माणूस वैशाखात निवृत्त झाला. मधला जेठ, मधला आषाढ, त्यांचा पगार आणि महागाई भत्ता असं सगळं त्या एका ओळीत बुडालं. तसा प्रयत्न केला होता मी. सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तरुणपणी केलाही होता.

"पुरावा?"

"आई आहे."

"आई चालत नाही. जन्मनोंद आणा."

जन्मनोंद आणायला गेलो तर नोंदवहीत वाळवीनं नेमका आमचाच काळ खाल्लेला. पुढची पानं कोरी करकरीत, मागची पानं शाबूत. वाळवीचाही जन्म १ जूनचा असावा.

खरं म्हणजे आई हा उत्तम पुरावा होता. तिला तारखा येत नव्हत्या, घटना येत होत्या. थोरला भाऊ पानशेत फुटलं त्या वर्षीचा, म्हणजे १९६१चा. धाकटी बहीण दुष्काळातली, शाळेत सुकडी मिळायची तेव्हाची. आणि मी? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नुकता उभा राहायला लागलो होतो. ११ डिसेंबर १९६७, पहाट. फळीवरची सगळी पितळी भांडी खाली आली, घरातली माणसं अंगणात धावली, आणि त्या गोंधळात मी म्हणे पहिल्यांदा धरल्याशिवाय पाच पावलं चाललो. "धरणी थांबली आणि हा निघाला," असं आई सांगायची. तिच्या एकंदर सुरावरून असं वाटे की धरणं फुटतात, जमिनी हादरतात, दुष्काळ पडतात, ते या घरातल्या पोरांची वयं विसरली जाऊ नयेत म्हणून. तिचं हे पंचांग कधी चुकलं नाही. पण सेवापुस्तकात "भूकंपाच्या वेळी पाच पावलं" असा रकाना नाही.

श्रावणाचं हे प्रकरण मी एकदा आमच्या सकाळच्या कट्ट्यावर बोललो, आणि तिथं बसलेले तिथीवाले नाना सावध झाले. नाना इंग्रजी तारीख मानत नाहीत. दाढदुखीची अपॉइंटमेंटसुद्धा ते वद्य पंचमीची मागतात.

"सहासष्ट साल म्हणजे शके १८८८. त्या वर्षी अधिक श्रावण होता," नाना म्हणाले. "तू अधिकातला की निजातला?"

हे मला ठाऊक नव्हतं. आई आता नाही, सुईण तर ओढ्यापलीकडचीच.

"अधिकातला असशील तर अवघड आहे. त्यानंतर अधिक श्रावण आला पंच्याऐंशी साली. मग दोन हजार चारला. मग तेवीसला. म्हणजे तुझे वाढदिवस झाले तीन."

"म्हणजे मी तीन वर्षांचा?"

"हो."

"मग पेन्शन?"

"ती निजात धरायची."

माझा चेहरा पाहून नानांनी धीर दिला. मोरारजीभाई देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६चा. १९०० हे काही लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे त्यांना पहिला वाढदिवस बघायला आठ वर्षं लागली. "माणूस उगाच कडक होत नाही," नाना म्हणाले. मग त्यांनी इंग्रजांकडे मोर्चा वळवला. हे लोक १७५२ साली २ सप्टेंबरच्या रात्री झोपले ते उठले थेट १४ सप्टेंबरला. मधले अकरा दिवस कॅलेंडर दुरुस्त करण्यात गेले. आणि शेक्सपिअर व सर्व्हांटिस दोघांचीही पुण्यतिथी २३ एप्रिल १६१६ सांगतात, त्यावर जगभर पुस्तक दिन साजरा होतो. पण स्पेननं नवं कॅलेंडर घेतलेलं, इंग्लंड अजून जुन्यावर, त्यामुळं मध्ये चांगलं दहा दिवसांचं अंतर.

"म्हणजे दोघांचे गुरुजी वेगळे," मी म्हणालो.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. आमच्या बागेच्या फाटकाशी ज्येष्ठ नागरिकांचा एक काळा फळा आहे. वरच्या अर्ध्यात सुविचार, खालच्या अर्ध्यात दिनविशेष. निवृत्तीनंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तर अध्यक्षांनी प्रेमानं विचारलं, "अक्षर कसं आहे तुमचं?" इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसानं या प्रश्नाला "वाईट" असं उत्तर द्यायचं असतं. पण शाल अजून अंगावर होती, मी "बरं आहे" म्हणालो आणि त्यांनी खडूचा डबाच हातात दिला.

तेव्हापासून रोज पहाटे इतिहास माझ्या मानगुटीवर बसतो. लढाया, तह, जन्म, शोध, स्थापना. यात फळ्याची वरची बाजू अण्णांकडे. अण्णांना सुविचार लहान जमत नाही. संयमावरचा त्यांचा एक सुविचार तर माझ्या हद्दीत चार ओळी आत आला आणि त्यावरून आमचं असं भांडण झालं की फिरायला आलेली माणसं फिरायची थांबली. शेवटी अध्यक्षांनी मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारून दिली. आता अण्णा रेघेला लागून बारीक अक्षरात लिहितात आणि मी "विशेष" मधला वेलांटीचा फटका जरा उंच देतो.

वाचणारे तर काय, सगळे परीक्षकच. "आज क्रिकेटवाला कुणी नाही?" "आमच्या विदर्भातलं रोज कुणीच कसं नाही हो?" "हा शोध लागला म्हणता, पण त्याचा उपयोग काय?" एकदा रात्री शिंतोडे पडले आणि फळ्यावरचं निम्मं पुसलं. वरचं "यांचे निधन" शाबूत राहिलं, मधली ओळ गेली, आणि खाली अध्यक्षांचं नाव ठळक दिसत राहिलं. खरं तर तिथं त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. सकाळी अध्यक्ष स्वतः फाटकाशी आले तेव्हा दोन माणसं हार घेऊन उभी होती. त्यातल्या एकानं "आता आणलाच आहे तर" म्हणून त्यांना तो घातला. त्याच दिवशी ठराव झाला की फळ्यावर यापुढं कुणीही मरणार नाही.

तर असा हा फळा, आणि आला १ जून.

वर्षभर मी या तारखेची वाट पाहत होतो, कारण ही माझी तारीख. म्हटलं, आपण कुणाच्या पंगतीत बसलोय ते तरी बघू. आदल्या रात्री पुस्तकं, जुनी कॅलेंडरं, मोबाईल सगळं पुढ्यात घेतलं आणि हरखून गेलो. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान एसटीची पहिली गाडी सुटली. म्हणजे उभा महाराष्ट्र ज्यांत बसून इकडचा तिकडं झाला, त्या दोघींचा वाढदिवस एक. आणि या दोघींच्या तारखा खऱ्या! त्यांना कुणी कानाला हात लावायला सांगितलं नव्हतं.

पण सकाळी फळ्यापाशी यावरूनच फूट पडली. आमच्या कट्ट्यावर एक पक्ष जन्मभर क्वीनच्या पासवर मुंबईला नोकरी केलेल्यांचा. हे लोक अजूनही पहाटे गजराशिवाय उठतात. दुसरा पक्ष तालुक्याच्या गावाहून आलेल्यांचा, एसटीचा.

"क्वीन वर लिहा. ती वडील आहे. आणि पुणे स्टेशनात आज तिचा केक कापतात. एसटीचा कापतात का?"

"सुरुवातीला तुमच्या क्वीनमध्ये फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाला फलाटावरून टाटा! आमच्या एसटीचं पहिल्या दिवशी छत कापडाचं होतं, सीट काथ्याचं होतं, पण बसायला कुणालाही मज्जाव नव्हता."

"काथ्या टोचायचा."

"टोचायचा, पण सगळ्यांना सारखा टोचायचा!"

मी दोघींना एकाच ओळीत शेजारी बसवलं. खिडकीची जागा कुणाला दिली यावर अजून धुसफूस आहे.

पुढचा वाद बायकांच्या बाकाकडून आला. १ जून १९२९ नर्गिस. त्यावर एकमत, 'मदर इंडिया'ला कोण नाही म्हणणार? पण त्याच तारखेला १९२६ साली मेरिलिन मन्रो जन्मली, आणि ती फळ्यावर यावी असं बऱ्याच काकांना अचानक वाटू लागलं. एरवी ज्यांना दिनविशेष वाचायला चष्मा सापडत नाही, तेही पुढं आले. आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही कोण?"

"हॉलिवूडच्या जुन्या अभिनेत्री आहेत," मी म्हणालो.

"जुन्या म्हणजे? निरूपा रॉयसारख्या?"

काकांपैकी एकानं "साधारण" असं म्हटलं. त्याच्या सौभाग्यवती तिथंच होत्या. त्यांनी डस्टर उचललं.

विदर्भवाल्यांचं तोंड मात्र मी या खेपेला बंद केलं. कवी 'बी', जन्म १ जून १८७२, मलकापूर. 'चाफा'वाले. नाव नारायण मुरलीधर गुप्ते, पण लिहायला एक अक्षर घेतलं. फळा लिहिणाऱ्याच्या हाताची काळजी केलेला मराठी साहित्यातला हा एकमेव माणूस. इतर कवींनी चार ओळींची नावं घेतली, वर टोपणनावं, वर गावाची नावं. नाना म्हणाले, "मलकापूरच्या त्या वेळच्या शाळेचं रजिस्टर बघायला पाहिजे. मला ही तारीख संशयास्पद वाटते." मी त्यांना सांगितलं की कवी कारकुनी करत होते. त्यावर नाना म्हणाले, "मग तर नक्कीच."

संशयाला तर जागा होतीच. कारण यादीत पुढचं नाव सत्येंद्रनाथ टागोर. रवींद्रनाथांचे थोरले बंधू, जन्म १ जून १८४२, आयसीएसमध्ये गेलेले पहिले भारतीय. नोकरी केली आपल्या मुंबई इलाख्यात. म्हणजे या देशातला सगळ्यांत वरच्या सरकारी नोकरीतला पहिला भारतीयही एक जूनवाला! हे वाचल्यावर माझी छाती फुगली आणि सगळ्या तलाठ्यांच्या वतीनं मी ते नाव रंगीत खडूनं लिहिलं.

ईस्ट इंडिया कंपनीची हकिगत तर मला आमच्या खात्यातलीच वाटली. ३१ डिसेंबर १६०० रोजी कंपनीला सनद मिळाली आणि १ जून १८७४ रोजी ती रीतसर बरखास्त झाली. शेवटची काही वर्षं तिच्याकडे राज्यही नव्हतं. १८५८ सालीच ते राणीनं काढून घेतलेलं. पण कंपनी आपली खुर्चीवर आहेच. भागधारकांचा लाभांश, जुन्या फायली, असलं काहीबाही आवरत सोळा वर्षं बसली. "एक्स्टेन्शन," आमच्या कट्ट्यावरचे एक माजी उपसचिव अनुभवी आवाजात म्हणाले. "पण एक तारखेला कशी गेली? आदल्या दिवशी जायला हवी होती. ३१ मे. कुणीतरी चूक केलीय."

१८३१ सालच्या १ जूनला जेम्स क्लार्क रॉस हा दर्यावर्दी आर्क्टिकच्या बर्फात पृथ्वीच्या उत्तर चुंबकीय ध्रुवावर जाऊन पोचला. होकायंत्राची सुई तिथं सरळ खाली बघू लागली. त्यानं निशाण रोवलं, जागा राजाच्या नावानं जाहीर केली आणि परत आला. मौज अशी की हा ध्रुव एका जागी राहत नाही. रॉसनं निशाण रोवलं तिथून तो केव्हाच निघाला आणि कॅनडा सोडून सैबेरियाच्या दिशेनं चालू लागला. पृथ्वीचा ध्रुव हलतो. आमच्या सेवापुस्तकातली तारीख तेवढी हलत नाही.

नव्या पैशाचा 'नवा' काढून टाकला तोही १ जूनला, १९६४ साली. १९९६च्या १ जूनला देवेगौडा पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी माजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी गेले. पण ठरावानुसार रेड्डींना फळ्यावर जाता येईना, म्हणून देवेगौडा एकटेच गेले. शिवाय जागतिक दूध दिन. तो लिहिल्याबरोबर आमचा दूधवाला फाटकाशी थांबला, वाचलं आणि पुढच्या महिन्यापासून लिटरमागं दोन रुपये वाढवल्याचं जाहीर करून गेला.

इतकं सगळं लिहून मी मागं सरकलो. तेवढ्यात निवृत्त गणित शिक्षकांनी एक गंमत सांगायला घेतली. एका खोलीत कुठलीही तेवीस माणसं घ्या. त्यांतल्या किमान दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. सत्तावन्न माणसं घेतली तर ती नव्व्याण्णव टक्क्यांवर जाते. सगळे चकित होतील या अपेक्षेनं त्यांनी थांबून पाहिलं.

"तेवीस कशाला?" क्वीनवाल्यांपैकी एक म्हणाले. "तुम्ही आणि मी. बोला, तुमची तारीख?"

"एक जून," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

"माझीही."

मास्तरांनी खुलासा केला की जन्म सगळ्या वर्षभर सारखे पसरलेले आहेत असं या गणितात गृहीत धरलेलं असतं. आमचे गुरुजी गृहीत धरलेले नसतात.

आणि इथंच घोटाळ्याला सुरुवात झाली. अध्यक्षांनी सहज म्हटलं, "आज वाढदिवस कुणाकुणाचा आहे? हात वर करा." सगळा कट्टा वर झाला. काकूंपैकी तिघी-चौघी, एरवी वय विचारलं तर रागावणाऱ्या, त्याही वर. बागेचा माळी पाइप टाकून आला. एकेकाच्या मोबाईलवर टिंगटिंग सुरू झालं होतंच. बँकेच्या शुभेच्छा, विमा एजंटाच्या शुभेच्छा, आणि गुडघ्याचं तेल विकणाऱ्या कुणाच्या तरी शुभेच्छा. बाहेरच्या चौकात ज्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, तोही आमच्याच बॅचचा. एकानं वर्तमानपत्र उघडून 'आज जन्मलेल्यांसाठी' हे भविष्य मोठ्यानं वाचलं : परदेशगमनाचा योग. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, कंडक्टर, सगळ्या महाराष्ट्राचं सेवानिवृत्त खातं एकाच विमानानं निघायचं म्हणजे मेगाब्लॉकच.

घरीही हीच तऱ्हा असते. सौ. विचारते, "आज तुमचा खरा की खोटा?" मी म्हणतो, कागदावरचा. "मग कागदावरच खा. श्रीखंड मी खऱ्याला करीन. खरा कधी ते ठरलं की सांगा, चक्का टांगते." असा चक्का गेली कित्येक वर्षं टांगलेला नाही.

इकडं फळ्यापाशी मागणी आली. "आपल्या माणसांची नावं फळ्यावर नकोत का?" कुणी म्हणालं, "रोज परक्यांची लिहिता." ते खरंही होतं. पण जागा? कट्ट्याच्या सभासदांची नुसती आडनावं लिहायची म्हटलं तरी फळा पुरेना. अण्णांनी तर रेघेवर हात ठेवून आधीच सांगून टाकलं की वरून एक इंचही मिळणार नाही. आजचा सुविचार त्यागावर आहे.

"मग यांना पुसा," अध्यक्ष म्हणाले.

"कुणाला? डेक्कन क्वीनला?"

"सगळ्यांना. उद्या घ्या त्यांना. उद्याचा फळा मोकळाच आहे."

"अहो, पण त्यांचा जन्म आजचा आहे," मी म्हणालो. "उद्या कसं लिहिणार?"

"एका दिवसानं काय होतंय?" अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्हाला अडीच महिने अलीकडं आणलं, तुम्ही काही बोललात?"

मी काही बोललो नाही. १ जूनचा फळा सभासदांच्या नावांनी भरला. प्रत्येकानं आपल्या नावाखाली उभं राहून फोटो काढून घेतला. आणि २ जूनला सकाळी, अध्यक्षांच्या देखरेखीखाली, मी डेक्कन क्वीन, एसटी, नर्गिस, कवी बी, सत्येंद्रनाथ, कंपनी सरकार आणि उत्तर चुंबकीय ध्रुव या सर्वांना नव्या तारखेला जन्माला घातलं. वर ठळक अक्षरात 'आजचा दिनविशेष : २ जून'. अक्षर खरोखरच चांगलं आलं होतं. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते.

दुपारी तो फळा मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. संध्याकाळी गावाकडच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. रात्री बंगळुरूहून सुनेनं पाठवला, "बाबा, अक्षर ओळखीचं वाटतंय." प्रत्येक ठिकाणी खाली हात जोडलेले, फुलं वाहिलेली आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा' असा आदेश. गावाकडच्या ग्रुपवर माझ्या कागदोपत्री जुळ्या भावानं तर लिहिलं होतं की ही माहिती आपल्या शाळेच्या परिपाठासाठी जपून ठेवावी.

मला राहवेना. मी खाली लिहिलं, "हे सगळं १ जूनचं आहे, २ जूनचं नाही."

लगेच उलट उत्तर आलं, "पुरावा?"